झिप्री वस्तू आणते, पण हातात देत नाही

वाचकाचं पत्र: माझं वय ६८. गेल्या वर्षी मणक्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून खाली वाकायला सक्त मनाई आहे. घरात मी आणि माझी कुत्री झिप्री, संध्याकाळी नात येते. झिप्री तीन वर्षांची, मिश्र जातीची, चलाख आणि खाऊसाठी जीव टाकणारी. माझ्या हातून पडलेल्या वस्तू तिने उचलून द्याव्यात म्हणून चार महिने मी तिच्या मागे लागले आहे. ती धावत जाते, वस्तू उचलते, माझ्याकडे यायलाही निघते, पण दोन पावलं अलीकडेच टाकून देते. कधी अगदी जवळ आलीच, तर मी हात पुढे केला की तोंड उघडते आणि वस्तू जमिनीवर. मऊ वस्तू असेल तर आणता आणता चावून तिचा चोथा करते. मला सगळ्यात जास्त गरज असते ती काठीची, पण काठी पडली की आवाजाला घाबरून ही टेबलाखाली. एका प्रशिक्षकांना दाखवलं. ते म्हणाले, कान पिळा, दुखलं की तोंड उघडेल, वस्तू आत सरकवा आणि मग कान सोडा, आठ दिवसांत शिकेल. माझा हात होत नाही. पण लाडाने शिकवलेलं कुत्रं भरवशाचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे का? आणि माझं नेमकं चुकतंय कुठे?

उत्तर:

ताई, तुमचा हात होत नाही हे फार चांगलं आहे. होऊ देऊ नका.

कान पिळण्याची पद्धत आजची नाही. शिकारीच्या कुत्र्यांना पडलेला पक्षी आणायला शिकवताना ती शंभराहून अधिक वर्षं वापरली गेली आहे. तिच्यामागचा हिशेब सरळ आहे: दुखणं सुरू झालं, वस्तू तोंडात आली, दुखणं थांबलं. ज्याला नेमकी वेळ साधता येते त्याच्या हातात ती काम करते, हे मी नाकारणार नाही. पण वेळ अर्ध्या सेकंदाने जरी हुकली, तरी कुत्र्याला एवढंच कळतं की ही वस्तू दिसली की माझ्या माणसाचा हात दुखवतो. मग ते त्या वस्तूपासून पळतं, त्या हातापासून पळतं, एखादं उलटून चावतंही. तुम्हाला झटका बसून चालणार नाही, पडून तर मुळीच चालणार नाही. आणि काठीच्या आवाजाला घाबरून जी टेबलाखाली जाते, तिला वस्तू उचलण्याच्या कामात आणखी एक भीती कशाला द्यायची? मदतनीस कुत्री तयार करणाऱ्या कितीतरी संस्था आज किल्ल्या, फोन, काठी उचलून देण्याचं काम बक्षिसावरच शिकवतात, आणि त्या कुत्र्यांवर माणसं रोजच्या जगण्यासाठी विसंबून असतात. भरवसा दुखवल्याने येत नाही. सोप्या पायरीवर शंभर वेळा बरोबर घडलं की मगच पुढची पायरी चढायची, त्यातून तो येतो.

आता चूक कुठे होते ते पाहू. ‘आण’ हा आपल्यासाठी एक शब्द आहे. झिप्रीसाठी त्यात सहा कामं आहेत: वस्तूकडे जाणं, उचलणं, न चावता धरून ठेवणं, धरलेली असताना चालणं, तुमचा हात वस्तूला लागेपर्यंत धरून राहणं आणि सांगितल्यावर सोडणं. पहिली दोन तिला उपजत येतात. उरलेली चार तिला कुणी शिकवलेलीच नाहीत. चार महिने तुम्ही दोघी पहिल्या दोन कामांचाच सराव करत आहात, त्यामुळे ती दोन दिवसेंदिवस पक्की होत आहेत आणि पुढची आहेत तिथेच.

हात पुढे केल्यावर ती वस्तू का टाकते? तुमच्या मागच्या शंभर खेपा डोळ्यांसमोर आणा. झिप्री आली, तुम्ही हात पुढे केला, वस्तू घेतली किंवा पडू दिली, आणि त्याच हाताने खाऊ दिला. तिच्या लेखी पुढे येणारा हात म्हणजे खाऊ आला. तोंडात एक वस्तू असताना खाऊ खाता येत नाही, म्हणून ती तोंड रिकामं करते. तिच्या बाजूने पाहिलं तर ती अगदी शहाण्यासारखं वागते आहे. दोन पावलं अलीकडे टाकणं हा त्याचाच पुढचा टप्पा. हात नुसता हलला, पिशवीची चुरचुर झाली, एवढ्यावर तिचा अंदाज पुरा होतो.

चोथा करण्यामागचं कारण मात्र वेगळं आहे आणि मला ते फार उद्बोधक वाटतं. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे अमेरिकन दांपत्य म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी. त्यांनी अनेक जातींच्या प्राण्यांना बक्षिसावर कामं शिकवली आणि १९६१ साली आपल्या फसलेल्या प्रयोगांवर एक लेख लिहिला. रॅकून या पुढच्या पंजांनी वस्तू हाताळणाऱ्या अमेरिकेतल्या प्राण्याला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं होतं, टाकलं की खाणं मिळायचं. पण हळूहळू रॅकून नाणं सोडायलाच तयार होईना. दोन नाणी दिली तर ती एकमेकांवर घासत बसायचा, जसं तो आपलं भक्ष्य पुढच्या पंजांत चोळतो तसं. डुकरं लाकडी नाणी घेऊन जाण्याऐवजी वाटेत टाकून नाकाने उकरत बसायची. ज्या वस्तूमुळे खाणं मिळतं, त्या वस्तूलाच प्राणी खाण्यासारखं वागवू लागतो. झिप्री तुमच्या मऊ पाकिटाला दाढेखाली घेते तेव्हा यातला थोडा भाग तिथेही असतो. हा हट्ट नाही, म्हणून रागावून तो जाणारही नाही. जबडा स्थिर असतानाच बक्षीस मिळतं, हे तिला नीट दाखवून दिलं की जातो.

सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडून तिचं तोंड तपासून घ्या. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि वरची मोठी दाढ कडक वस्तू चावताना तुटणं हे बऱ्यापैकी आढळतं. कुत्री दुखणं लपवतात, जेवण सोडत नाहीत. एकाच बाजूने चावणं, वस्तू घेऊन लगेच टाकणं, तोंडाजवळ हात नेला की मान वळवणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. दाढ दुखत असेल तर पुढचं सगळं शिकवणं वाया, आणि तिच्यावर अन्यायही.

सरावाची वस्तू तुमची काठी नको, मोबाईल नको, तिचं खेळणंही नको. लाकडी डंबेल घ्या: मध्ये गोल दांडी आणि दोन्ही टोकांना जाड ठोकळे, म्हणजे जमिनीवरही दांडी थोडी उंच राहते आणि तोंडात सहज येते. दांडी सुळ्यांच्या लगेच मागे, जिथे दातांमध्ये मोकळी जागा असते, तिथे बसली पाहिजे. पुढच्या दातांत धरलेली वस्तू घसरते आणि दाढेत गेलेली वस्तू चावली जाते. डंबेलच्या एका टोकाला हातभर लांब दोरी बांधा. हे खास तुमच्यासाठी. पडलं की दोरीने वर ओढायचं, वाकायचं नाही. सराव संपला की डंबेल कपाटात, झिप्रीच्या तोंडी एरवी ते लागताच कामा नये.

तुम्ही पाठीला नीट आधार असलेल्या खुर्चीत बसा. खाऊ बाजूच्या टेबलावर, वाटीत झाकून; हातात नाही, मांडीवर नाही. खाऊ मऊ, नखाएवढा, पटकन गिळता येणारा. आणि ‘हे बरोबर केलंस, आता खाऊ येतो’ हे तिला त्याच क्षणी कळावं म्हणून एक छोटा शब्द ठरवा जो तुम्ही एरवी बोलत नाही, कारण ‘शाब्बास’ आणि ‘गुणाची गं’ दिवसभर चालूच असतं. ‘टिक’ चालेल. क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टक् असा आवाज करणारी छोटी डबी, असेल तर तोही चालेल, पण तुमचा एक हात मोकळा असावा म्हणून मी शब्दच सुचवते. पहिल्या दिवशी डंबेल बाहेरही काढू नका. ‘टिक’ म्हणा, मग टेबलाकडे हात न्या, खाऊ द्या. वीसएक वेळा. शब्द आधी, हात नंतर, हा क्रम तुमच्या अंगवळणी पडण्यासाठी हा दिवस आहे. झिप्रीला तो दहा वेळांतच कळेल.

दुसऱ्या दिवशी डंबेल तिच्या तोंडासमोर, छातीच्या उंचीला धरा. तोंडात कोंबायचं नाही, ओठांना लावायचंही नाही. तिने हुंगलं, टिक. दोन-चार वेळा हुंगल्यावर तुम्ही गप्प राहा. ती विचारात पडेल, चाटेल, मग दात लावेल. दात लागले त्या क्षणी टिक. झिप्री वस्तू उचलणारी आहे, त्यामुळे इथवर यायला एक बैठकही पुरेल. टिक म्हटल्यावर तिने सोडलं तरी चालेल, डंबेल तुमच्याच हातात आहे. सध्या आपल्याला हवा आहे तो फक्त मिटलेला, शांत जबडा.

इथून पुढची पायरी नाजूक आहे. दात मिटल्यावर तुमची पकड जरा सैल करा, पण हात काढू नका. अर्धा सेकंद, टिक. एक सेकंद, टिक. चघळणं सुरू होण्याच्या आधी शब्द आला पाहिजे. तिने चघळायला सुरुवात केली तर काहीच बोलू नका. जबडा थांबेल, त्या थांबण्यावर टिक. वेळ वाढवताना एक, दोन, तीन, चार असा जिना चढू नका. दोन सेकंद, एक, तीन, एक, दोन, चार, असं खालीवर करा. सतत कठीणच होत जाणारं काम कुत्री सोडून देतात, माणसंही सोडतात. लागोपाठ दोनदा चुकली तर तुमची पायरी उंच आहे असं समजा आणि खाली या. एका बैठकीत आठ-दहा वेळा, दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोन किंवा तीनदा, बस. ती ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली, डंबेलवरून नजर वळवू लागली तर तिच्यावर ताण आला आहे. सोपं काहीतरी करून घ्या आणि थांबा.

तुमचा हात दांडीवर नसताना ती तीन-चार सेकंद शांत धरू लागली, की हाताचा प्रश्न हाती घ्या. तुमच्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे, म्हणून या पायरीवर हवे तितके दिवस घालवा. झिप्रीच्या तोंडात डंबेल आहे. तुमचा हात मांडीवर आहे. तो चार बोटं पुढे न्या आणि मागे घ्या. तिने धरून ठेवलं? टिक. टाकलं तर? बोलू नका, दोरीने उचला आणि पुढच्या वेळी दोनच बोटं पुढे न्या. मग वीतभर. मग डंबेलच्या टोकाला नुसता स्पर्श करून हात मागे. मग टोक धरायचं, पण ओढायचं नाही, आणि सोडून द्यायचं. हात जवळ येणं आणि तोंड उघडणं यांच्यात तिने मनाशी जी गाठ बांधली आहे, ती अशी एकेक पीळ काढत सुटते. दहातल्या सात-आठ वेळा तरी हात येऊन रिकामाच परत गेला पाहिजे.

हे जमलं की ‘दे’ हा शब्द आणा. आता तुम्ही टोक नीट धरलं आहे, ‘दे’ म्हणा, मग क्षणभर थांबा. सोडलं की टिक, खाऊ. सोडलं नाही तर खेचू नका. खेचाखेची म्हणजे खेळ, आणि एकदा ती त्यात जिंकली की रोज खेळायला मागेल. दुसऱ्या हाताने खाऊ नाकापाशी न्या, ती सोडेल. चार-पाच वेळा असं केल्यावर रिकाम्या हातावरही सोडेल. लक्षात घ्या, इथे टिकची जागा बदलली. आधी ती धरण्यावर होती, आता हातात दिल्यावर आहे. म्हणजे खाऊकडे जाण्याची एकच वाट उरली, ती तुमच्या तळहातावरून जाते.

मी शेवटापासून सुरुवात का केली, हेही सांगते. हातात देणं तिला सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं येत असेल, तर मागे जोडलेली प्रत्येक नवी पायरी तिला ओळखीच्या जागी आणून सोडते. वाट जसजशी पुढे सरकते तशी सोपी होत जाते. सध्या उलटं आहे: धावणं आणि उचलणं मजेचं, तुमच्याजवळ पोचणं अनिश्चित, म्हणून शेवटच्या दोन पावलांत तिचा जीव निघून जातो.

चालण्यासाठी संध्याकाळी नातीची मदत घ्या. नात तुमच्या खुर्चीपासून एका पावलावर बसेल, झिप्रीला डंबेल देईल, तुम्ही हात पुढे कराल. एक पाऊल. कुत्र्यांना तोंडात धरणं आणि पाय उचलणं ही दोन कामं एकत्र करताना सुरुवातीला खरोखर विसर पडतो, तेव्हा टाकलं तर आश्चर्य मानू नका. एक पाऊल दहा वेळा जमलं की दोन पावलं. त्यानंतर जमिनीवरून उचलणं: नातीच्या हातातून गुडघ्याच्या उंचीला, मग जमिनीपासून वीतभर, मग जमिनीवर टेकलेल्या हातातून, मग हात काढून. ‘आण’ हा शब्द आता वापरा. गेले चार महिने त्याचा अर्थ ‘धाव आणि कुठेतरी टाक’ असा झाला आहे, त्यामुळे नवा शब्दच घेतलात तर जास्त बरं. ‘घेऊन ये’ चालेल.

नातीला माझ्याकडून एक विनंती. झिप्री चप्पल घेऊन पळाली तर तिच्या मागे धावायचं नाही. मुलांना आणि कुत्र्यांना हा खेळ सारखाच आवडतो, आणि त्यातून कुत्रं शिकतं की तोंडात वस्तू असेल तर माणसांपासून लांब जायचं. शांतपणे काहीतरी चांगलं देऊन अदलाबदल करायची. वस्तू हिसकावली जात नाही, उलट दिली तर फायदाच होतो, हे ज्या कुत्र्याला ठाऊक आहे ते माणसाजवळ मोकळेपणाने येतं.

डंबेल पक्कं झालं म्हणजे सगळं पक्कं झालं, असं मात्र नाही. एका वस्तूवर शिकलेलं कुत्र्यांना दुसरीवर आपोआप लावता येत नाही. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर दोन-चार पायऱ्या मागे जाऊन पुन्हा हातातूनच सुरू करायचं. दुसऱ्या वेळी ती फार लवकर वर येते. लाकडानंतर कापड, मग चामडं, मग प्लॅस्टिक, आणि धातू अगदी शेवटी. थंड, दातांवर वाजणारा धातू बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही. किल्ल्यांच्या कडीला चामड्याची पट्टी किंवा जाड कापड बांधा, तिने ते धरावं. चष्मा नेहमी कडक डब्यातच. मोबाईल जमिनीवर सपाट पडला की दातांत येत नाही, त्याला जाड कडांचं कव्हर आणि एक पट्टा हवा, आणि सराव आधी एखाद्या बंद पडलेल्या जुन्या फोनवर. रिमोटचं मागचं झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करा. बॅटरी फुटली किंवा गिळली तर तोंड आणि अन्ननलिका भाजते.

औषधं तिला कधीही, कुठल्याही कारणाने आणायला शिकवू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलसुद्धा, कुत्र्यांसाठी विष ठरू शकतात, आणि मणक्याच्या दुखण्यात त्या तुमच्या उशाशी असणारच. एखादी गोळी पडली तर आधी झिप्रीला दुसऱ्या खोलीत बंद करा, मग ती कुणाकडून तरी उचलून घ्या. तोवर काय, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. टोकाला चिमटा असलेली वस्तू उचलायची लांब दांडी मिळते, ती आजच घ्या. झिप्री शिकेपर्यंत तुमची गरज थांबून राहणार नाही, आणि तुम्हाला निकड असेल त्या क्षणी तिची परीक्षा घेणं दोघींनाही जड जाईल.

किती दिवस लागतील? रोज तीन छोट्या बैठका झाल्या तर डंबेल शांतपणे हातात देणं दोन-तीन आठवड्यांत यावं. घरातल्या चार-पाच वस्तू खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून आणणं हे काही महिन्यांचं काम आहे. दार वाजलं, नात हसली, बाहेर दुसरं कुत्रं भुंकलं, अशा गडबडीत ती धरून ठेवते का हे हळूहळू तपासत जायचं. रोज वहीत दोनच आकडे लिहा: दहातून किती वेळा हातात दिलं आणि सगळ्यात जास्त किती सेकंद धरलं. दहातून आठच्या खाली असेल तर पुढे जायचं नाही. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ही वही जास्त खरं सांगेल.

राहिली काठी. तिचं शिक्षण वेगळं आणि आजपासूनच सुरू करा, डंबेलची वाट पाहू नका, कारण तिथे उचलण्याच्या आधी भीती आहे. ती आवाजाची आहे, काठीची नाही. नातीला जाड सतरंजीवर काठी हळूच आडवी ठेवायला सांगा, झिप्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला. काठी टेकली की लगेच खाऊ, झिप्रीने काहीही केलेलं नसलं तरी. मग बोटभर उंचीवरून सोडायची, मग वीतभर. ती दचकली, कान मागे गेले, तर उंची कमी करा आणि अंतर वाढवा. काही दिवसांनी काठी पडताच ती टेबलाखाली न जाता वळून तुमच्याकडे पाहील. तो दिवस आला की सतरंजी दुमडून निम्मी करा, नंतर काढून टाका.

काठीच्या मुठीखाली, हातभर अंतराच्या आत, जाड कापडी पट्टी गुंडाळा आणि तिथेच तोंड लावायला शिकवा. काठी मधोमध आडवी धरून कुत्रं धावत आलं तर ती दारात अडकेल किंवा तुमच्या नडग्यांवर आदळेल, म्हणून तिने मुठीजवळ धरून दुसरं टोक जमिनीवरून ओढत आणावं, सावकाश. हे सगळं तुम्ही बसलेल्या असतानाच शिकवा. उभं राहून घेणं अगदी शेवटी, एक हात भिंतीला किंवा टेबलाला असेल तेव्हा. आणि ती मूठ पहिल्यांदा तुमच्या तळहाताला लागेल, तेव्हा ‘दे’ म्हणायची घाई करू नका. एक सेकंद धरू द्या तिला.